स्थिर काय, हे प्रश्न ठरवतो

जगात नित्य काय आणि अनित्य काय, हा प्रश्न वऱ्हाडाने फार मनापासून विचारला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात महानुभावांनी त्याचे एक उत्तर दिले. माधानच्या गुलाबराव महाराजांनी दुसरे दिले. १९५६ नंतर अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमधून जे बुद्धविहार उभे राहिले, तिथे तिसरे उत्तर सांगितले जाते. पहिले म्हणते, नित्य पदार्थ चार आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे आहेत. दुसरे अद्वैताचे आहे, म्हणजे अंतिम सत्य एकच. तिसरे म्हणते, नित्य अशी वस्तूच नाही. तिन्हींमागे मोठी साधना आणि मोठा विचार आहे, त्यामुळे एकाला खरे ठरवून बाकीच्यांना बाजूला सारणे सोपे नाही. पण या वादात आपण ऐकणारे बहुतेक जण एक गृहीत न तपासताच धरून चालतो: टिकणे किंवा बदलणे हा वस्तूच्या अंगचा गुण आहे, जसा मिठाचा खारटपणा. ते गृहीत तपासण्याचे साधन आपल्या प्रत्येकाच्या हाती सहावी-सातवीत येते आणि परीक्षेनंतर आपण ते ठेवून देतो. ते साधन म्हणजे बीजगणिताचा पहिला धडा, चल आणि स्थिर संख्यांचा. माझे म्हणणे असे आहे की स्थिर काय आणि चल काय हे विचारलेल्या प्रश्नावरून ठरते. सगळे बदलत असताना जे टिकते ते वस्तूंमधले नाते असते. आणि ही गोष्ट नीट समजली तर धर्माविषयीचा आपला विचार अधिक प्रामाणिक होतो.

आधी धडा जवळून पाहू. दिवाळीच्या आगेमागे अकोल्याच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी साधारणपणे किलोवर असते. समजा, किलोला १० रुपये दर ठरला आहे आणि शेजारच्या गावाहून बायांना शेतापर्यंत आणणाऱ्या ऑटोचे ३०० रुपये कास्तकाराने द्यायचे आहेत. आज खर्च किती होईल, असे त्याला सकाळी विचारले तर तो आकडा सांगू शकत नाही, कारण गाठोडी काट्यावर चढेपर्यंत किती किलो निघाला हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही खर्चाबद्दल त्याला पुष्कळ काही माहीत आहे. किती किलो निघाला त्या संख्येला क म्हटले, तर खर्च १०क + ३०० एवढा होणार हे तो सूर्य उगवायच्या आत सांगू शकतो. १२० किलो भरला तर १,५०० रुपये, ९५ भरला तर १,२५० रुपये. यात क हा चल, १० हा त्याचा सहगुणक, ३०० हे स्थिर पद आणि सगळे मिळून एक बैजिक राशी. नवशिक्या मुलाच्या हातून इथे दोन चुका होतात. पहिली, क म्हणजे कापूस असे तो धरतो. क हा कापूस नव्हे, ती किलोंची संख्या आहे. अक्षर वस्तूचे नाव नसून एका संख्येसाठी राखलेली जागा आहे. दुसरी चूक म्हणजे १०क आणि ३०० यांची बेरीज करून तो ३१०क लिहितो. ती चूक दाखवायला एकच हिशेब पुरतो: दोन किलोंचा खर्च ३२० रुपये, आणि ३१०क प्रमाणे तो ६२० येतो. जे वजनाबरोबर वाढते आणि जे वाढत नाही, त्यांना एकत्र कालवता येत नाही.

मुलाला इथवर आणले की पुस्तक पुढच्या पायरीवर जाते, आणि नेमका इथेच थांबण्यासारखा प्रश्न असतो. ३०० हे स्थिर कशावरून? त्या एका दिवशी, त्या एका ऑटोपुरते ते स्थिर आहे. पेट्रोल महागले, गाव बदलले, बाया जास्त आल्या आणि दोन खेपा कराव्या लागल्या की भाडे बदलते. किलोमागचा दरही मोसमभर एक राहत नाही. शेवटच्या वेचणीला झाडावर बोंडे विरळ असतात, दिवसभर फिरून थोडाच कापूस हाती येतो, म्हणून दर चढतो. म्हणजे कास्तकार एका दिवसाचा हिशेब करत असेल तेव्हा क हा चल आहे आणि १० व ३०० स्थिर आहेत. तोच कास्तकार पूर्ण मोसमाचा हिशेब करायला बसला की दरही अक्षर होतो, भाडेही अक्षर होते, आणि राशी होते दक + भ. उलट संध्याकाळी काटा झाला, १२० किलो हा आकडा वहीत पडला आणि उद्या किती दर द्यावा एवढाच विचार उरला, तर आता क स्थिर आणि द चल. कापूस तोच, काटा तोच, पैसे तेच. बदलला तो फक्त प्रश्न, आणि त्याबरोबर स्थिर-चलाची विभागणीही बदलली. युरोपात हे ओळखायला बराच काळ लागला. फ्रान्सच्या व्हिएतने १५९१ साली अज्ञात राशींबरोबर ज्ञात राशींनाही अक्षरे दिली, आणि १६३७ साली देकार्तने वर्णमालेच्या शेवटची अक्षरे अज्ञातांना व सुरुवातीची ज्ञातांना देण्याची रीत घातली, जी आजच्या पाठ्यपुस्तकातही चालते. ज्ञात संख्येलाही अक्षर मिळाले, याचा अर्थ मोठा आहे. आपण जिला स्थिर धरतो ती संख्याही धरलेली असते, आणि दुसऱ्या प्रश्नात ती सोडता येते, हे त्या अक्षराने कबूल केले.

नाते कसे टिकते आणि तेच किंमत कशी ठरवते, हे पाहायला भास्कराचार्यांच्या बीजगणितातले एक उदाहरण घेऊ. तो ग्रंथ ११५० साली सिद्धान्तशिरोमणीचा भाग म्हणून पुरा झाला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, म्हणजे ही विद्या यादवकालीन महाराष्ट्रात जिवंत होती. एकवर्ण समीकरणाच्या आरंभी भास्कराचार्य विचारतात: एकाजवळ ३०० रुपे आणि ६ घोडे आहेत, दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रुप्यांचे कर्ज आहे, घोड्यांची किंमत सारखीच, दोघांची संपत्ती समान असेल तर एका घोड्याचे मोल किती? अज्ञात किमतीसाठी ते या हे अक्षर वापरतात आणि नुसत्या संख्येसाठी रू. एका ओळीत या ६ रू ३००, खालच्या ओळीत या १० रू १००, आणि त्या १०० वर कर्जाची खूण म्हणून एक टिंब. दोन्ही बाजूंतून सारखे वजा करत गेले की ४ घोडे म्हणजे ४०० रुपे, म्हणून एक घोडा १०० रुप्यांचा. पण आचार्य तिथे थांबत नाहीत. तीच माणसे, तेच घोडे, तेच कर्ज ठेवून ते फक्त नाते बदलतात. पहिल्याच्या संपत्तीच्या निम्म्यात २ मिळवले की दुसऱ्याची संपत्ती होत असेल तर? उत्तर ३६. पहिल्याची संपत्ती दुसऱ्याच्या तिप्पट असेल तर? उत्तर २५. घोड्यांकडे कितीही निरखून पाहिले तरी १००, ३६ की २५ हे कळणार नाही. किंमत घोड्याच्या पोटात नाही. दोन माणसांच्या संपत्तीत कोणते नाते आहे, त्यावरून ती ठरते.

भास्कराचार्य स्वतः श्रद्धावान होते, आणि गणित करताना त्यांनी आपली श्रद्धा बाहेर ठेवली नाही. बीजगणिताच्या मंगलाचरणात ते असा श्लोक रचतात की तो एकाच वेळी सांख्यांच्या मूळ प्रकृतीला, ईश्वराला आणि अव्यक्त, म्हणजे अज्ञात, राशींच्या गणिताला लागू पडावा. पुढे शून्याने भागलेल्या राशीचा विचार करताना ते म्हणतात की तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी तिच्यात फरक पडत नाही, जसा प्रलयात अनंत जीव अच्युतात शिरले किंवा सृष्टीच्या वेळी बाहेर पडले तरी त्याच्यात विकार होत नाही. शून्याने भागणे आजचे गणित मान्य करत नाही, त्यामुळे हा दृष्टान्त गणित म्हणून उभा राहत नाही, हे सरळ सांगितले पाहिजे. तरी त्यातली एक गोष्ट अतिशय मोलाची आहे. अच्युत न बदलणारा आहे एवढेच म्हणून आचार्य थांबले नाहीत. कोणती क्रिया केल्यावर तो बदलत नाही, हेही त्यांनी सांगितले: मिळवणे आणि काढणे, जीवांचे येणे आणि जाणे. न बदलणे याला अर्थ येतो तो कोणत्या तरी बदलाच्या संदर्भात. ३०० हे किलोंच्या वाढीपुढे स्थिर आहे, पेट्रोलच्या भावापुढे नाही. अमुक नित्य आहे असे कोणी म्हणाला, की त्याला पहिला प्रश्न हा विचारावा: कशाच्या तुलनेत? एका मोठ्या भाविक गणितीनेही देवाच्या नित्यतेचे वर्णन करताना हा प्रश्न टाळला नाही.

आता रिद्धपुराकडे येऊ. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या नंतर त्यांचा शिष्यवर्ग त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात तिथे राहिला, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तिथेच लीळाचरित्राचे, म्हणजे चक्रधरांच्या चरित्राचे, काम केले. मराठी भाषा विद्यापीठासाठी सरकारने हेच गाव निवडले ते याच वारशामुळे. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांपासून भिन्न आहेत. प्रपंचातले जे घडते-मोडते ते कार्य अनित्य, त्याच्या मुळाशी असलेले कारण नित्य. वर वर पाहता हे माझ्या म्हणण्याच्या अगदी उलट दिसते, कारण इथे चार वस्तूंना सरळ नित्य म्हटले आहे. पण त्या पंथाने नित्यतेची जपणूक प्रत्यक्षात कशी केली ते पाहा. त्याने परमेश्वराच्या नाम, रूप, लीळा आणि चेष्टांचे स्मरण हे साधन मानले. कोणत्या गावी, कोणत्या ओट्यावर, कोणाशी काय बोलणे झाले, हे शोधून, विचारून, लिहून ठेवले. पुढे पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवल्या. त्या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. बाहेरच्याला ती ओळ निरर्थक वाटते, संकेत जाणणाऱ्याला तिच्यात मूळ वचन जसेच्या तसे सापडते. कागदावरची अक्षरे बदलली आणि वचन टिकले, कारण अक्षर आणि अक्षर यांमधला संकेत कायम राहिला. शेकडो वर्षे लेखनिक बदलले, मठ बदलले, भाषाही बदलली. टिकले ते स्मरणाचे नाते आणि वाचण्याची किल्ली.

गुलाबराव महाराजांचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या, तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी १९१५ मध्ये देह ठेवलेल्या या विद्वानाने अद्वैत स्वीकारले आणि त्यातच भक्तीला जागा करून दिली. त्या मताला त्यांनी मधुराद्वैत म्हटले. सत्य एकच असेल तर भक्ती कोणी कोणाची करायची, हा अद्वैतापुढचा जुना पेच आहे. महाराजांनी तो जगून सोडवला. ज्ञानेश्वरांची आपण कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी, असे नाते त्यांनी मानले, आणि त्या नात्याप्रमाणे वेषही धारण केला. भेद शेवटी खरा नाही असे मानणाऱ्या माणसाने नात्याला मात्र सोडले नाही. भक्तीच्या अनुभवात जे टिकते ते नातेच, याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही.

तिसरे उत्तर बुद्धाचे, आणि माझ्या मते या प्रश्नाला ते सर्वांत थेट भिडते. सर्व संस्कार अनित्य आहेत, असे बुद्ध सांगतो. पुष्कळांना यात निराशा दिसते. सगळेच बदलणारे असेल तर धरायचे काय, असे त्यांना वाटते. पण अनित्यतेबरोबरच प्रतीत्यसमुत्पाद शिकवला जातो, हे ते विसरतात. कारण उभे राहिले की कार्य उभे राहते, कारण सरले की कार्य सरते. तृष्णा बदलते, दुःख बदलते, माणूस बदलतो. तृष्णा आणि दुःख यांमधला हा संबंध कोणत्याही माणसाच्या बाबतीत तसाच राहतो. म्हणूनच दुःख कमी करण्याचा मार्ग सांगता येतो. सगळी पदे चल असूनही समीकरण खरे असू शकते, हेच इथे धर्माच्या भाषेत सांगितले आहे. वेदान्ताचा जाणकार यावर एक भक्कम आक्षेप घेईल. बदल झाला असे कळायला कोणीतरी न बदलणारा साक्षी हवा. सगळेच वाहत असेल तर वाहते आहे हे कोणाला कळणार? आक्षेपातला पहिला भाग बरोबर आहे. बदल मोजायला काहीतरी स्थिर धरावे लागते. पण मोजणी चालेपर्यंत स्थिर असणे आणि सदासर्वकाळ स्थिर असणे यांत फार अंतर आहे. कापसाचा काटा संध्याकाळभर इमानाने चालला की दिवसाचा हिशेब होतो. तो युगानुयुगे टिकावा लागत नाही. साक्षी हवा, यातून साक्षी नित्य आहे असे निघत नाही. नित्य साक्षी असेलही. तो मानायला दुसरी कारणे असू शकतात, अनुभवाची, साधनेची, श्रद्धेची. बदल आहे म्हणून तो असलाच पाहिजे, हे एक कारण मात्र पुरेसे नाही.

इथे कोणी म्हणेल की गणिताने धर्मात लुडबूड करू नये. ही सूचना रास्त आहे, आणि तिला दोन बाजू आहेत. एकीकडे प्रत्येक शोध आपल्या पोथीत आधीच होता असे सांगणारे लोक आहेत, जे अव्यक्त राशी आणि अव्यक्त ब्रह्म यांना एकाच दोरीत ओवतात. त्यांना सांगायला हवे की अज्ञात राशीची किंमत काढून ती समीकरणात परत घालून पडताळता येते. घोड्याचे मोल १०० काढले, तर दोघांची संपत्ती ९०० आणि ९०० येते का, हे कोणीही पाहू शकतो. ब्रह्माचा असा पडताळा कोणी देत नाही, आणि देणेही अपेक्षित नाही. दुसरीकडे असे लोक आहेत जे म्हणतात, पडताळा नाही ते सारे खोटे. त्यांना सांगायला हवे की १०क + ३०० या राशीत क ची किंमत कोणी मागितलेलीच नाही, तरी ती राशी अर्थपूर्ण आहे. मी गणिताकडून देवाचा पुरावा मागत नाही आणि देव नसल्याचाही मागत नाही. मागतो ते एवढेच, की नित्य, अनित्य, स्थिर, चल हे शब्द वापरताना त्या विषयाने जी शिस्त घालून दिली ती आपण पाळावी. तर्क कोणत्याही विषयात गेला तरी तर्कच राहतो.

याहून कठीण आक्षेप असा: नातीही बदलतातच की. किलोवरची मजुरी सोडून रोजंदारी ठरवली तर १०क + ३०० हे रूपच मोडते. मग नाते टिकते या म्हणण्याला अर्थ काय? हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागेल, आणि बीजगणित इथेही मदत करते. त्यात टिकण्याचे तीन प्रकार वेगवेगळे ओळखले जातात. पहिला, धरून चाललेली स्थिर संख्या, जसे भाडे. ती ठरावापुरती टिकते. दुसरा, समीकरण, जसे क + ५ = १२; ते एका किमतीला खरे आणि बाकी सगळ्यांना खोटे. तिसरा, नित्य समानता, जसे (क + १)² = क² + २क + १; क च्या जागी कोणतीही संख्या घाला, दोन्ही बाजू सारख्याच येतात. धर्माच्या नावाने आपल्यापुढे येणारी विधाने या तीन प्रकारांत वाटून पाहावीत. रूढी ही पहिल्या प्रकारची. कोणीतरी कधीतरी ठरवली आणि ठराव चालू आहे तोवर ती स्थिर. व्रत, दीक्षा, गुरू-शिष्याचे नाते ही दुसऱ्या प्रकारची. ज्याने ती स्वीकारली त्याच्यासाठी ती खरी, आणि त्याच्यासाठी ती पूर्ण खरी. तिसऱ्या प्रकारात फारच थोडी विधाने बसतात: जे कोणत्याही माणसाच्या जागी कोणताही माणूस ठेवला तरी खरे राहते तेवढेच. घोटाळा होतो तो पहिल्या प्रकारचे विधान तिसऱ्याच्या वेषात उभे केले जाते तेव्हा.

हा घोटाळा केवळ विचारांचा नाही. त्याने माणसांना देवळाच्या बाहेर उभे केले आहे. अमरावतीच्या अंबादेवीचे दर्शन अस्पृश्य ठरवलेल्यांना मिळत नव्हते, आणि हा नियम सनातन आहे असे सांगितले जात होते. त्याविरुद्ध १९२७ साली चळवळ उभी राहिली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी मंदिरप्रवेशाची बाजू घेतली. पंजाबरावांचे नाव आज अकोल्याच्या कृषी विद्यापीठामुळे शेतीशी जोडले जाते, पण विलायतेत त्यांनी केलेले संशोधन वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर होते. ज्याचा उगम सांगता येतो आणि विकास दाखवता येतो, ते एकेकाळी वेगळे होते आणि पुढेही वेगळे होऊ शकते. अंबादेवीच्या दारातला नियम हा ठरावाने आलेला स्थिरांक होता. तो विश्वाच्या रचनेतून आलेला नव्हता. तिथल्या भाविकांपैकी कोणीही तो बदलला असता तर सूर्य मावळायचा राहिला नसता. चळवळीने मागणी केली ती देवी बदला अशी नव्हे. भक्त आणि देवी यांमधले नाते जर खरे असेल, तर भक्ताच्या जागी कोणाचेही नाव घातले तरी ते खरे राहिले पाहिजे, एवढीच ती मागणी होती.

यातून सगळेच सैल होईल, सगळे नियम सोयीचे ठरतील, अशी भीती कोणाला वाटेल. उलट ही कसोटी नेहमीच्या कसोट्यांपेक्षा कडक आहे. नित्य समानतेचा दावा खोडायला न जुळणारी एक किंमत पुरते; आणि तो सिद्ध करायला जुळणारी शंभर उदाहरणेही पुरत नाहीत, युक्तिवाद द्यावा लागतो. एखादा नियम सर्वांसाठी आहे असे म्हणणाऱ्याने माणसाच्या जागी अक्षर ठेवून तो लिहावा, आणि मग त्या जागी एकेक नाव घालून पाहावे: स्वतःचे, मुलीचे, वेचणीला आलेल्या बाईचे, परधर्मीयाचे. कोणी म्हणेल, सर्वांना एकच नियम लावणे शहाणपणाचे नाही. लहान मुलाला आणि प्रौढाला, आजाऱ्याला आणि धडधाकटाला वेगळे नियम लागतात. अगदी खरे आहे, आणि बीजगणिताला हे परके नाही. अट घालता येते. पण अटीचा विषयाशी संबंध दाखवावा लागतो. आजाऱ्याला उपवासातून सूट देताना आजार आणि उपवास यांमधले नाते प्रत्येकाला दिसते. जन्म आणि दर्शनाचा हक्क यांमधले नाते कोणालाही दाखवता आले नाही, म्हणून ती अट टिकण्यासारखी नव्हती. शतकानुशतके ती चालली, याने तिचे वय सिद्ध होते, सत्य सिद्ध होत नाही.

म्हणून बीजगणिताचा पहिला धडा शिकवताना घाई करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. चल म्हणजे बदलणारी संख्या, स्थिर म्हणजे न बदलणारी संख्या, अशी व्याख्या फळ्यावर लिहून पुढे गेले की मूल गुण मिळवते आणि एक चुकीची समजूत आयुष्यभर जपते. त्याऐवजी वेचणीचा हिशेब द्यावा आणि विचारावे: आजच्या हिशेबात काय स्थिर, मोसमाच्या हिशेबात काय स्थिर, काटा झाल्यावर काय स्थिर? एकाच संख्येला वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी उत्तरे मिळाली की मुलाला कळते की आपण काहीतरी धरले आहे, आणि धरलेले सोडताही येते. मग भास्कराचार्यांचे घोडे द्यावेत आणि नाते बदलले की मोल कसे बदलते ते त्याच्याच हाताने काढू द्यावे. शेवटी समीकरण आणि नित्य समानता यांतला फरक त्याने किमती घालून स्वतः शोधावा. हे शिकलेले मूल पुढे कीर्तनात बसेल, विहारात बसेल, रिद्धपूरच्या यात्रेला जाईल किंवा कुठेच जाणार नाही. ते त्याने ठरवावे. पण अमुक गोष्ट सनातन आहे असे कोणी त्याला सांगितले, तर कोणत्या प्रश्नात, कशाच्या तुलनेत आणि कोणाचे नाव घातले तरी, असे तीन प्रश्न ते विचारेल. खऱ्या धर्माला या प्रश्नांची भीती असण्याचे कारण नाही. ज्याला भीती वाटते, तो धर्माचा नव्हे, एखाद्या जुन्या ठरावाचा रखवालदार आहे, आणि त्याच्या हातातून तो ठराव सोडवून घेणे हेही धर्माचेच काम आहे.